लाल टोपणाची बाटली

काटेवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईबाई,

जयभीम. अक्षर बघून घाबरू नकोस. तुझा भाऊ खुळा झालेला नाही, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर नातवाच्या स्केचपेननं लिहितोय आणि एका पानावर जेमतेम चार ओळी बसतात. पाकीट फुगलेलं दिसलं तर आत साडी आहे असं समजू नकोस.

फोन का केला नाही, तर तुला आमचं घर माहीत आहे. आमच्याकडं फोन कानाला लावायची पद्धतच नाही. फोन आला की आमचा पोरगा सोमनाथ स्पीकर चालू करतो आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवतो. बोलतो एक, ऐकतात सगळे आणि उत्तर देते शेजारीण. तुझ्या सौरभचंही तेच. आणि माघ पौर्णिमेला विहारात तू माझ्या कानात जी गोष्ट सांगितलीस, ती फळीवर ठेवण्यासारखी नाही.

तर डोळा. उजवा डोळा लालभडक झाला, उजेडाकडं बघवेना, ठणका पार डोक्यात जाई. पायलनं मला बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सूनबाई पुढं आणि सासरा मागं, स्कूटीवर. बाई म्हणाल्या, डोळ्याच्या आत सूज आहे. दोन बाटल्या दिल्या. त्यातली लाल टोपणाची बाटली बाहुली मोठी करते, म्हणजे डोळ्याला आराम पडतो आणि आतलं काही सुजेनं चिकटून बसत नाही. तिचे नियम पायलला वंदनेसारखे पाठ झालेत. फक्त उजव्या डोळ्यात घालायचं आणि तेही एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात आणि अंगात उतरतं. बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही. नंतर हात धुवायचे. उन्हात काळा चष्मा घालायचा आणि गाडीला हात लावायचा नाही. बाटली नातवाच्या, अविराजच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, आणि दुसऱ्या कुणाला तर मुळीच द्यायची नाही.

मी सगळं पाळलं, फक्त हात धुतले नाहीत. त्याच बोटानं डावा डोळा चोळला आणि आता दोन्ही बाहुल्या बटणाएवढ्या झाल्यात. लांबचा चिंचेचा शेंडा दिसतो, ताटातली भाकरी दिसत नाही. गोठ्यात गेलो तर गाय माझ्याकडं बघून मागं सरली. ज्यानं वीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवला, त्याच्या स्कूटरची किल्ली सूनबाईनं डाळीच्या डब्यात लपवलीय.

आता मुद्द्याचं लिही. त्या टेलरच्या, जोतीरावांच्या घरी सोयरिकीला कधी जायचं? तुझ्याकडून बघायला मीच येणार, हे लक्षात ठेव.

तुझा,
अप्पा

*

लोणी देवकर
२१ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पास,

जयभीम. तुझं पत्र भिंतीला लावून लांबून वाचलं. कुशाबाई शेजारून आली, तिला वाटलं अंगणवाडीचा तक्ता आहे. तिनं पहिली ओळ मोठ्यानं वाचलीसुद्धा. मग तिला सगळं सांगावंच लागलं, पण ती पोटात ठेवेल.

आपलं ठरलंय दोन मार्चला, रविवारी सकाळी, इंदापुरात त्यांच्या घरी. जोतीराव म्हणजे नुसता शांत माणूस. अंगणवाडीच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांच्याकडून सशांचे कपडे शिवून घेतले होते ना, तेव्हापासूनची ओळख. सगळ्या सशांची शेपटं त्यांनी चुकून पुढच्या बाजूला लावली आणि माझ्यासमोर खाली मान घालून एकेक उसवली. मी हसले, तर तेही हसले. त्या दिवसापासून माझ्या ब्लाउजचं काहीतरी सारखं उसवायला लागलंय. मीच उसवते, तुला म्हणून सांगते.

पण घरात शब्द चालतो त्यांच्या वहिनीचा, द्वारकाबाईंचा. आईविना दिराला त्यांनी वाढवलं, म्हणून वहिनीनं होकार दिला तरच पुढं जायचं असं त्यांनी ठरवलंय. बाई फार खट आहे म्हणतात. आमच्या काळी पोरीला सुई ओवायला लावायचे, पुस्तक वाचायला लावायचे, मी बी लावणार, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. पंचेचाळीस वर्षांच्या बाईची परीक्षा घेणार आहेत. हसू येतं, पण रात्रीची झोपही गेलीय.

अप्पा, तुला खरं सांगते. मला हे व्हायला हवंय. सौरभच्या वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली. सौरभ कंपनीत जातो, मी अंगणवाडीत जाते, संध्याकाळी मी एक कप चहा करते आणि तो घेऊन दारात बसते. मला दोन कप चहा करायचाय. सौरभला अजून बोलले नाही. वहिनींचा होकार आला की सांगेन, आधी कशाला त्याच्या डोक्याला ताप.

आणि नेमका आत्ताच माझाही डोळा लाल झालाय. धूळ गेली, मी चोळला. असं रडकं तोंड घेऊन कशी जाऊ? पायलला विचार, काही घरगुती असेल तर.

तुझीच,
ताईबाई

*

काटेवाडी
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईबाई,

पायलला कशाला विचारू? मी आहे ना. हे पत्र आणि सोबत पुडीत लाल टोपणाची बाटली शेजारच्या रतनच्या हाती पाठवतोय. तो रोज कंपनीच्या बसनं तिकडं येतो. माझा डोळा आता निवळलाय, ठणका गेला, म्हणून मी औषध बंदच केलं. निम्म्याच्या वर उरलंय, ते वाया का घालवायचं? मला लागू पडलं ते तुला पडणारच, एका आईची लेकरं आपण. लहानपणी खोकल्याची बाटली एकच असायची आणि पाचही जणांच्या तोंडाला लागायची. कुणी मेलं का?

दुसऱ्याला देऊ नका असं बाई म्हणाल्या होत्या खऱ्या. पण दुसरा म्हणजे परका. बहीण काय दुसरी असते?

दोन्ही डोळ्यांत घाल, म्हणजे दोन्ही सारखे दिसतील. पायलला यातलं काही सांगितलेलं नाही. बाटली संपली असं सांगितलंय.

रविवारी मी एसटीनं येतो, काळा चष्मा घालून. द्वारकाबाईंना वाटू दे की बाईच्या माहेरची माणसं वजनदार आहेत.

तुझा,
अप्पा

*

लोणी देवकर
५ मार्च २०२५

अप्पा,

आता तू भिंतीला लावून वाच. सौरभच्या कंपनीच्या पोस्टरच्या पाठीवर लिहितेय. एका पानावर माझ्या तीनच ओळी बसतात, म्हणजे तुझ्यावर कडी झाली.

तू रविवारी का आला नाहीस ते मला नंतर कळलं, पण माझं ऐक आधी. सकाळी आंघोळ झाल्यावर मी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. दोन दोन घातले, शुभकार्य होतं म्हणून. नाकाजवळ दाबायचं वगैरे तू आधीच्या पत्रात लिहिलं होतंस, पण साडीच्या निऱ्या करायच्या होत्या, कुठं दाबत बसू? डोळा निवळला तर नाहीच. इंदापूर येईतो बाहेर सगळीकडं लखलखाट. ऊन नुसतं डोळ्यांत घुसत होतं. तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. कान तापले, गाल लाल झाले आणि छातीत धडधड, अप्पा, एसटीच्या इंजिनासारखी. सोबत आलेल्या कुशाबाईला हळूच सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "अगं, ह्याला प्रेम म्हणत्यात. मला बी झालं व्हतं, सतराव्या वर्षी."

मलाही ते पटलं. मी मनातून इतकी खूश झाले की मला काही दिसत नाही हे विसरूनच गेले.

त्यांच्या घरात शिरले तर दारातच कोट घातलेला एक माणूस ताठ उभा. मी खाली बघून, लाजून त्याला जयभीम केला आणि म्हटलं, तुमची तब्येत सुधारलेली दिसते. तो शिलाईकामाचा पुतळा होता. त्याच्या अंगावर नवरदेवाचा अर्धवट शिवलेला कोट होता. जोतीराव मागं खुर्चीत बसलेले. नुसती एक खुर्ची करकरली.

मग द्वारकाबाईंनी वंदनेचं पुस्तक हातात दिलं. मला सगळी वंदना पाठ, तेव्हा मी खणखणीत म्हटली. संपल्यावर त्या म्हणाल्या, म्हणलीस झ्याक, पर पुस्तक उलटं धरलंयस. मग सुई आली. सुई माझ्या बोटांत होती एवढं मला कळत होतं. दोरा मी कुठं कुठं घातला देव जाणे, एकदा तर कुशाबाईच्या पदरात ओवला. जोतीराव जवळ येऊन काहीतरी बोलले, पण जवळ आल्यावर त्यांचा चेहरा पिठासारखा पसरला. वर खिडकीतला उजेड, म्हणून मी तोंड फिरवलं. ते उठून लांब जाऊन बसले.

आणि तेवढ्यात सौरभची मोटारसायकल दारात. मी फोन घरी चार्जिंगला ठेवला होता. म्हणून पायलनं सौरभला फोन लावून औषधाचं आणि इंदापूरचं सगळं सांगितलं, आणि त्यानं ते ऐकलं अर्थात स्पीकरवर, त्याचे दोन मित्र जेवायला बसलेले असताना. पोरगं चपलेसकट आत आलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालं, "आई, मामाचं डोळ्याचं औषध तू घातलंस का?"

द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या. "डोळ्याला दिसत न्हाय, लेकाला ठाव न्हाय, आन ही बाई सोयरीक करायला आली," असं म्हणून त्यांनी सुई परत डबीत ठेवली. मला चहा मिळाला नाही.

सौरभनं रविवारी उघडा असलेला डोळ्यांचा डॉक्टर शोधून काढला. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला. दाब ठीक निघाला, पण ते फार रागावले. म्हणाले, काही माणसांच्या डोळ्याची घडणच अशी असते की या औषधानं दाब एकदम चढतो आणि नजर कायमची जाऊ शकते, तुमचं नशीब. माझ्या डोळ्याला साधी धूळ लागली होती, त्याला हे औषधच नव्हतं. उतरायला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले, तोवर रस्ता एकटीनं ओलांडायचा नाही.

परतताना लोणीच्या फाट्यावर गाडी थांबवून सौरभनं विचारलं, "आई, दिसायला कसा हाय गं तो माणूस?"

मी म्हटलं, "आज काय सांगू? मला तर दिसलाच न्हाय."

तो इतका हसला की गाडी स्टँडवर लावावी लागली. मीही हसले. पण घरी आल्यावर रडले, अप्पा. कारण डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं, तोंडाला कोरड पडली का, गाल तापले का, छाती धडधडली का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, हे सगळं त्या थेंबांनी झालं, अंगात उतरलं ना.

मग ते जोतीरावांमुळं नव्हतंच का रे? या वयात मी औषधाला प्रेम समजले की काय? डोळे निवळेपर्यंत मी कुणाला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तसं मला विचारायला येणार तरी कोण आहे आता.

ताईबाई

*

काटेवाडी
११ मार्च २०२५

प्रिय ताईबाई,

आधी माझं ऐकून घे आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. मी औषध मध्येच सोडलं, म्हणून रविवारी पहाटे डोळा पुन्हा पेटला, पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरीणबाईंनी सुट्टी असून दवाखाना उघडला. त्यांनी विचारलं, बाटली कुठाय. मी म्हटलं, संपली. त्या म्हणाल्या, एवढ्यात संपत नसते. मी छताकडं बघितलं. पायलनं माझ्याकडं बघितलं. मग मी सगळं ओकलो. बाईंनी आधी तुला फोन लावायला सांगितलं. ताईबाई, फोन वाजत होता आणि तू उचलत नव्हतीस, तेवढ्या वेळात माझी अक्कल जागेवर आली. तुझी नजर गेली असती तर मी हे तोंड कुठं घेऊन गेलो असतो?

आता पायल स्वतः थेंब घालते. बाटली कपाटावर असते आणि मी हात धुतले की ती वास घेऊन बघते.

काल पायल आणि मी एसटीनं इंदापूरला गेलो. तुला न विचारता गेलो. द्वारकाबाईंना म्हटलं, चूक माझी, सोयरीक माझ्या बहिणीची. तिची नजर इतकी चांगली आहे की लांबून बस बघून ती ड्रायव्हर ओळखते. पायलनं त्यांना औषधाचं सगळं नीट समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, मग आत जाऊन एक पत्र्याचा डबा आणला. ताईबाई, त्या डब्यात सगळ्या आळीची औषधं. शेजाऱ्याच्या सांधेदुखीच्या गोळ्या, नातवाचं कानाचं औषध, कुणाकुणाचं मलम. त्या मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या त्या लाल टोपणातलं थोडं उरलंय का? माझा बी डोळा लई खुपतोय."

पायलनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना डॉक्टरची वेळ घेऊन दिली. आता माझ्या मते आपल्या बाजूनं बोलायला त्यांच्या घरात एक माणूस झालाय.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. जोतीराव मला स्टँडवर सोडायला आले. मी त्यांना तुझ्या तोंडाची कोरड, गाल, धडधड सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की ते औषधानं झालं. रागावू नकोस, मला पोटात ठेवता येत नाही. त्यांना वाटत होतं की तू तोंड फिरवलंस ते त्यांना नकार द्यायला. बराच वेळ ते बसचा पत्रा खरवडत उभे होते. मग म्हणाले, "अप्पा, माझं बी तोंड कोरडं पडलं व्हतं. छाती बी धडधडत व्हती. मी तर डोळ्यात काय घातलं नव्हतं."

माझी बस निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो.

द्वारकाबाईंनी सोळा तारखेला, रविवारी पुन्हा बोलावलंय. सुई तीच आहे. सौरभला घेऊन जा. आणि तू डोळ्यात साधं पाणीही घालू नकोस.

तुझा,
अप्पा

*

लोणी देवकर
१७ मार्च २०२५

ती. अप्पास,

जयभीम. अक्षर बघ, किती बारीक आलंय. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा तांदळातला खडा दिसला आणि मी त्या खड्याला नमस्कार केला. सगळं पत्र एका आंतर्देशीयावर बसवतेय. पोस्टातली पोरगी म्हणाली, मावशी, हे अजून विकत घेणाऱ्या तुम्ही एकट्याच.

तर रविवारी गेलो. सौरभ पुढं, मी मागं. दारात पुतळा होता, त्याला मी ओळखलं. आता त्याचा कोट पुरा झालाय. द्वारकाबाईंना त्यांच्या डॉक्टरांनी त्यांचे त्यांचे थेंब दिलेत, आणि त्यांनी मला पहिलं हेच सांगितलं की बाटलीवर माझं नाव लिहिलंय, मी कुणाला देणार न्हाय.

मग त्यांनी सौरभच्या मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली आणि माझ्या डोळ्यांत उजेड पाडून बघितलं. माझ्या दोन्ही बाहुल्या लगेच बारीक झाल्या. म्हणाल्या, बरं हाय, औषध न्हाय घातलेलं. आणि सुई दिली.

अप्पा, सुई मला लख्ख दिसत होती. तिचं भोक दिसत होतं, दोऱ्याचं टोक दिसत होतं. आणि सुईच्या पलीकडं जोतीराव बसलेले दिसत होते. डाव्या भुवईत एक जुना टाका, कानामागं खडूचा पांढरा डाग, आणि ते माझ्या सुईकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी दोरा पुढं नेला तर हात थरथर कापला. पुन्हा नेला, पुन्हा कापला. तोंड कोरडं पडलं. कान तापले. आणि ती छातीतली एसटी, अप्पा, अगदी तीच, तशीच सुरू झाली.

सुई काही ओवली गेली नाही.

द्वारकाबाई वाकल्या, माझ्या डोळ्यांत बघितलं, मग हाताकडं बघितलं. "बाहुल्या तर बारीक हायत," त्या म्हणाल्या. "मग हात का कापतोय गं?"

मी सुई तशीच धरून बसले. त्यांनी वळून जोतीरावांकडं बघितलं. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला अर्धा त्यांच्याच मांडीवर सांडला होता. तेव्हा बाईंनी माझ्या हातातली सुई काढून घेतली, डबीत टाकली आणि आत हाक मारली की चहा टाका, माझा होकार हाय.

सौरभ परतताना त्याच फाट्यावर थांबला आणि त्यानं तोच प्रश्न विचारला. मी सांगत गेले, भुवईतला टाका, कानामागचा खडू, हसताना आधी खाली बघतात ते. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "लग्नाचा शर्ट मी त्यांच्याकडूनच शिवून घेणार, आई."

बुद्ध पौर्णिमेला विहारात साध्या पद्धतीनं करायचं ठरलंय. तू एसटीनं ये. उजव्या डोळ्यात एकच थेंब, कोपरा दाब, हात धू आणि बाईंनी बंद करा म्हणेपर्यंत बंद करू नकोस.

माझी काळजी करू नकोस. औषध कधीच उतरलं. धडधड मात्र हे पत्र लिहितानाही चालूच आहे.

तुझीच,
ताईबाई